चार रात्रींची बोट

"नाताळात जायचं, का संक्रांतीनंतर?" पल्लवीने विचारलं आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन मीनाकडे वळवला.

गंगापूर रोडवरच्या या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मीनाची ही चौथी खेप. आता पल्लवी न विचारताच तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवायची.

"घरी बोलून उद्या नक्की सांगते," मीना म्हणाली. मागच्या तिन्ही वेळा ती हेच म्हणाली होती.

बोटीचं खूळ मूळचं दीपकचं. मागच्या दिवाळीत त्याने फराळाचं रिकामं ताट आईच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आई, तू साठीची झालीस. आता जरा आराम कर. आपण सगळे बोटीने लक्षद्वीपला जाऊ. तिथे सगळं हातात मिळतं." एवढी घोषणा करून तो मोकळा झाला. तारीख, केबिन, कागदपत्रं ही किरकोळ कामं अर्थातच मीनाकडे आली. इंदिरानगरातल्या त्या घरात जे दुसरं कोणी करत नसे, ते मीनाचं असे.

मीना थकली होती. हा थकवा आजचा किंवा कालचा नव्हता, पस्तीस वर्षांचा होता. समुद्राचं आणि बोटीवरच्या नाचगाण्यांचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. तिला हवे होते चार दिवस, ज्यांत तिला कोणी हाक मारणार नाही. ते लवकर मिळाले नाहीत, तर एखाद्या दिवशी आपण ओट्यापाशी खाली बसू आणि पुन्हा उठणारच नाही, असं तिला अलीकडे खरोखर वाटायला लागलं होतं.

संध्याकाळी तिने चौघांची ताटं मांडली. स्वतःचं ती सगळे उठल्यावर घ्यायची. वरण वाढता वाढता तिने विषय काढला.

"नाताळात नको," मीनाचे यजमान रंगनाथराव म्हणाले. "तो धांगडधिंगा मला नाही सोसत."

"मलाही डिसेंबरात सुट्टी नाही मिळणार, आई," सूनबाई पूजा म्हणाली. "जानेवारीत बघू या."

"पण महिनाअखेर सोडून हां," दीपकने तोंडात घास असतानाच बजावलं.

"मग संक्रांतीनंतरचा सोमवार," मीना म्हणाली. "शुक्रवारी परत."

सासूबाईंनी, म्हणजे लंकाबाईंनी, जेवता हात थांबवला. "आणि हळदीकुंकू? ते कोण करील?"

"रथसप्तमीपर्यंत करता येतं. तुम्ही आल्यावर करू."

"आणि बोटीत मी कोणाच्या हातचं खायचं? कांदा-लसूण चालायचा नाही मला."

"विचारते," मीना म्हणाली.

"तूच ठरव बाई सगळं," रंगनाथराव उदार होऊन म्हणाले. "आमचं काही नाही." केरळच्या वेळीही त्यांचं काही नव्हतं. जायच्या आठ दिवस आधी त्यांची कंबर धरली आणि सगळ्यांची तिकिटं रद्द झाली. त्या आठवड्यात मीनाने त्यांची कंबर शेकली. "आधार कार्डं जमवलीस का?"

"तुमची सगळ्यांची जमवली."

"झालं तर मग. भात आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी आवरून झाल्यावर, मीना पुन्हा पल्लवीसमोर जाऊन बसली.

"संक्रांतीनंतरची दे. सोमवारची. आणि एक जेवण बिनकांदा-लसणाचं."

"ते आधी कळवलं की करतात. आता तिकीट कसं हवं?" पल्लवीने दोन आकडे दाखवले. "हे थोडं महाग आहे, पण रद्द करता येतं. हे स्वस्त आहे, पण याचे पैसे परत मिळत नाहीत."

"परत न मिळणारं दे."

"काकू, नीट विचार करा. सासूबाईंचं वय आहे. उद्या कोणाचं काही निघालं तर?"

"म्हणूनच तर. पैसे अडकल्याशिवाय आमच्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही."

पल्लवी हसली. "वायफाय घेऊ? समुद्रात रेंज नसते. बोटीवरचं वेगळं घ्यावं लागतं."

"नको. चार दिवस फोन नसला तर कोणाचं काही अडत नाही." मीनाने खुर्ची जरा पुढे ओढली. "आणि समजा, सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी घरी जायचा हट्ट धरला तर?"

"बोटीवर डॉक्टर असतात, काकू. पण हट्ट धरला म्हणून बोट वळवत नाहीत."

"मध्ये कुठे उतरून, विमानाने वगैरे?"

"तसं कोणी करत नाही. शुक्रवारी सगळे एकदमच मुंबईत उतरतात. काळजी करू नका."

"नाही करत," मीना म्हणाली आणि खुर्चीत प्रथमच मागे टेकून बसली. चहा आला होता. तो तिने गरम असतानाच प्यायला.

पल्लवीची बोटं भराभर चालायला लागली. "पाच जण, म्हणजे तीन केबिन. तुम्हाला आणि काकांना बाल्कनीवाली देते. समुद्राकडे बघत निवांत बसा. सासूबाईंना अगदी शेजारची—"

"दोनच केबिन," मीना म्हणाली. तिने पिशवीतून झेरॉक्स काढून टेबलावर ठेवल्या. "एकीत दीपक आणि पूजा. दुसरीत सासूबाई आणि हे."

पल्लवीने झेरॉक्स मोजल्या. मग एकेक नाव वाचत पुन्हा मोजल्या.

"मग काकू, तुम्ही कुठे झोपणार?"

"माझ्या घरी," मीना म्हणाली. "सकाळी दहा वाजेपर्यंत."