डोहाळ्यांचा मासा

येडू भोई पहाटे दुधनीजवळच्या तळ्यावर पोचला, तेव्हा जाळं टाकायची गरजच उरली नव्हती. रोहू, कटला, सगळे वर येऊन आ वासत होते. फुकटचं दिसल्यावर गावाला कोण अडवणार? लोक टोपल्या, घमेली, मिळेल ते घेऊन धावले होते आणि हातानंच मासे उचलत होते.

येडूच्या मागोमाग त्याची लेक मनकर्णा आली. पहिलटकरीण, सातवा महिना. सासरी अक्कलकोटला तिच्यापुढं काय काय ठेवलं, पण जीव अडकला होता तो ह्याच तळ्यातल्या, बापानं धरलेल्या माशात. त्या एका घासासाठी ती माहेरी आली होती.

"आबा, तळं कसलं हिरवं झालंय!"

वरच्या अंगाला चनबसप्पाचा ऊस दिमाखात उभा होता. युरियाच्या नवलाईचे ते दिवस. चनबसप्पानं तो हात सैल सोडून टाकला आणि पावसानं त्यातला बराचसा धुऊन तळ्यात आणला. ऊस पोसला तसं पाण्यातलं शेवाळही पोसलं. रात्रभर ते पाण्यातली हवा ओढून घ्यायचं आणि उजाडता उजाडता मासे गुदमरायचे.

येडूनं एक रोहू लेकीच्या हातात दिला. "घे. जिता हाय अजून."

माशाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मनकर्णाच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी तिला रडूही आलं.

"आबा, ह्याला सोडू या की."

"कुटं सोडतीस, पोरी? पाणी हेच हाय."

बोलला खरा, पण येडूनं काठी उचलली. जन्मभर त्यानं पाणी बडवलं ते मासे जाळ्याकडं हाकायला. आज जाळं काठावर टाकून तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि काठीनं पाणी झोडपू लागला. फेस उसळला. मासे त्या फेसाकडं सरकू लागले.

चनबसप्पा बांधावर येऊन उभा राहिला आणि कानडी हेलात ओरडला. "येनो येडू, खुळा झालास काय? पाण्याला कशापाय मारतुयास?"

"मारत न्हाय, अण्णा. हवा घालतुया."

"येवढ्या तळ्याला? एकटाच?"

येडू काठी चालवतच राहिला. मनकर्णानं हातातला रोहू अलगद फेसात सोडला, पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात उतरून दोन्ही हातांनी पाणी उडवू लागली.

"वर जा, मनकर्णे," येडू ओरडला. "तुला डोहाळं लागल्यात न्हवं ह्येचं?"

"लागल्यात की, लई लागल्यात," ती धापा टाकत म्हणाली. "मासं जगलं तर खाईन."