चव्वेचाळीस किलोच्या आत

नीरजानं वजनकाट्यातला सेल काढला आणि तूरडाळीच्या डब्यात खुपसला.

संध्याकाळी आमोदनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, काटा उलटासुलटा करून पाहिला. "बंद पडला वाटतं. उद्या नवा सेल आणतो."

"आण की," नीरजा म्हणाली. आमोदचा उद्या तिला चांगलाच ठाऊक होता. स्वयंपाकघरातला गळका नळ गणपतीपासून त्याच उद्याची वाट बघत होता.

काटा लागायचा ओवीसाठी. त्यांची ओवी नववीत होती, ज्युदो खेळायची. राज्याचा संघ जिथून निवडायचा त्या सराव शिबिरासाठी चव्वेचाळीस किलोच्या गटात कोथरूडच्या त्यांच्या क्लबातून एकच मुलगी जाणार होती. निवडीच्या दिवशी जिचं वजन जास्त भरेल, तिनं सरळ घरी जायचं. ओवीला दोनेक किलो उतरवायचे होते. म्हणून पोरगी रात्री काकडीच्या चकत्या चघळायची, दोन स्वेटर घालून सोसायटीभोवती पळायची आणि पाण्याची नुसती चूळ भरून टाकायची. मागच्या स्पर्धेआधी ती शाळेत प्रार्थनेच्या रांगेत धाडकन पडली होती. कपाळावरची खूण अजून गेली नव्हती.

खेळानं तब्येत सुधारते असं म्हणणाऱ्यांनी वजनाच्या आदल्या दिवशी या मुलींचे ओठ एकदा बघून यावेत, असं नीरजाला वाटे. ओवी पडली तेव्हा ती तडक क्लबात गेली होती.

"अहो मॅडम, खेळानं शिस्त येते," ओवीचे प्रशिक्षक उत्तरेश्वर सर समजुतीच्या सुरात म्हणाले होते. "खिलाडूवृत्ती येते."

"चक्करही येते."

"ओवीत सगळं आहे हो. फक्त जिंकायची भूक नाही."

"भूक आहे. आपण जेवू दिलंत तर दिसेल."

सर हसले होते. घरी आमोदही हसला होता. "खेळानंच माणूस घडतो गं. क्लबातल्या त्या सृष्टीकडून दर वेळी हरते, तरी पुन्हा उभी राहते की नाही? हे कुठल्या पुस्तकात शिकवतात?"

दोघांनी हसण्यावारी नेलं, तेव्हा नीरजानं ठरवलं. भांडून काही होत नव्हतं. आता क्लबातल्या काट्यालाच बोलू दे. ओवीचं वजन जास्त भरलं की पोरगी सुटली. मग चित्रं काढू दे, झोपा काढू दे, काहीही करू दे.

तिनं डिंकाचे लाडू वळायला घेतले.

पहिल्या दिवशी ओवीनं डबा बघून तोंड फिरवलं. "आई, सर मारतील मला."

"सरांना माझ्याकडे पाठव. प्रॅक्टिस झाली की खायचे. बाबांना सांगायचं नाही."

डबा रिकामा आला. दुसऱ्या दिवशीही आला. त्या आठवड्याच्या शेवटी ओवी ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या जास्त दे ना. आणि तूप भरपूर घाल."

नीरजाला भरून आलं. तिनं तुपाचा हात सैल सोडला. वर खारीक, खोबरं, बदाम. पोरगी दिसायला तशीच होती, गालफडं बसलेली. पण खाल्लेलं अंगी लागायला वेळ लागतोच, असं नीरजानं स्वतःला समजावलं. घरात काटा चालू नव्हता, हे एका अर्थी बरंच होतं.

सृष्टीचा विचार मनात आला की तिला आणखी हलकं वाटे. सृष्टी हिंगोलीची, शिकायला बिबवेवाडीत मामाकडे राहिलेली, बस बदलून क्लबात येणारी. चव्वेचाळीसच्या गटात ओवीखेरीज तीच एक. अंगानं काडी. वजनाची तिला कधी चिंताच करावी लागली नव्हती. खेळाच्या जोरावर पुढचं शिक्षण काढायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. जाऊ दे तीच शिबिराला. तिचंही भलं, ओवीचंही भलं.

निवडीच्या दिवशी नीरजा मुद्दाम क्लबात जाऊन पहिल्या बाकावर बसली. आमोद शेजारी मोबाइल सरसावून होता.

आधी सृष्टी काट्यावर चढली. सरांनी आकडा पाहिला, तिला उतरवलं, पुन्हा चढवलं. तिनं केसांच्या पिनासुद्धा काढून ठेवल्या.

"पंचेचाळीसच्या वर," सर म्हणाले. "सृष्टी, तुझं असं कधी झालं नव्हतं."

"सर, संध्याकाळपर्यंत उतरवते. पळते मी."

"नियम आहे बाळ. बाजूला हो."

मग ओवी चढली. नीरजानं पदराआड हात जोडले. चढ रे बाबा, काट्या, चढ.

"त्रेचाळीस आठशे," सर ओरडलेच. "शाब्बास! ओवी शिबिराला जाणार."

आमोदनं टाळी वाजवली. काट्यावरून उतरताना ओवीनं भिंत धरली, तेवढं नीरजाला दिसलं.

सृष्टी डोळे पुसत तिच्यासमोर आली आणि वाकून पाया पडली. "काकू, माझंच चुकलं. तुमचे लाडू लई चांगले होते, मला थांबवायला पाहिजे होतं स्वतःला. ओवी बिचारी एक पण खायची नाही. ‘आईनं खास तुझ्यासाठी केलेत, तुझी आई लांब आहे ना,’ म्हणायची. समोर बसून सगळे संपवायला लावायची."

नीरजानं वर पाहिलं. ओवी पांढऱ्या पोशाखाचा पट्टा आवळत शांतपणे तिच्याकडेच येत होती.

"आई, शिबिरात माझ्या गटातल्या अजून तिघी आहेत," ती म्हणाली. "डबा मोठा लागेल."