न दुखणाऱ्या दाढा

इरावतीच्या चारही अक्कलदाढा आजच काढू, असं डॉक्टर शेंडुरे म्हणाले, तेव्हा तिच्या आजोबांच्या, कुंभोजे मास्तरांच्या, मनात पाल चुकचुकली.

"दुखत नाहीत, सूज नाही, एक्स-रेत मुळं सरळ दिसतात. मग काढायच्या कशाला?"

"पुढे त्रास नको म्हणून," डॉक्टर नजर चुकवत म्हणाले.

"आणि काढलेल्या दाढा कुठे जाणार?"

तरुणांच्या दाढांतल्या गरापासून मूत्रपिंड वाढवता येऊ लागल्यापासून मास्तरांनी अशा थापा पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यांनी टेबलावरची बर्फाची डबी पुढे ओढली. तिच्यावर त्यांचंच नाव होतं.

इरावती ओशाळली. "आठवड्यातून तीनदा तुम्हाला त्या डायलिसिसच्या यंत्राला जोडलेलं बघवत नाही, अण्णा. सांगितलं असतं, तर तुम्ही मला इथे येऊच दिलं नसतं."

मास्तरांनी पुन्हा डॉक्टरांची शाळा घेतली. "धोका काय?"

"खालच्या दाढांजवळून नस जाते. क्वचित ओठ बधिर राहतो. वरच्यांना ती भीती नाही."

"वरच्या दोन पुरतील?"

"कदाचित. चार असल्या, तर तुमचं मूत्रपिंड वाढण्याची खात्री जास्त."

"मग वरच्या दोनच काढा," मास्तर म्हणाले. "खालच्या तिच्या तिला राहू देत."