रॉयसने सांगितल्याशिवाय

रडारवरचा लाल डाग गळाच्या आकड्यासारखा वाकला, तेव्हा टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या रॉयस टिडवेलच्या तोंडचं पाणी पळालं. डाग असा वाकला म्हणजे आत टोर्नेडो फिरू लागला, आणि तो सरळ सीडर फोर्डच्या रोखाने निघाला होता. त्याच्याच गावाकडे. बुधवारची संध्याकाळ होती. दर बुधवारप्रमाणे निम्मं गाव आत्ता चर्चमध्ये एकत्र जेवून प्रार्थनेला बसलेलं असणार. त्यातच त्याची आई.

कॅमेऱ्याकडे बघत त्याने आवाज न चढवता सांगितलं, की सीडर फोर्डच्या लोकांनी आता तळघरात जावं, वाट बघू नये.

अलाबामाच्या त्या भागात वादळाच्या इशाऱ्याचे भोंगे दर वसंतात वाजतात आणि कोणी ढुंकूनही बघत नाही. बाप्ये व्हरांड्यात उभे राहून आभाळ न्याहाळतात. पण टीव्हीवर रॉयस 'जा' म्हणाला की मुकाट्याने पोरंबाळं उचलून खाली उतरतात. 'रॉयसने सांगितल्याशिवाय हलायचं नाही' ही तिथली रीतच होऊन बसली होती. गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात तो बातम्यांमध्ये एक वाक्य बोलून गेला. दक्षिणेला आखातातलं समुद्राचं पाणी तापत चाललंय, ते आपणच तापवतोय, आणि ऐन थंडीत ही वादळं येऊ लागलीत त्यात त्याचाही हात असावा. त्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चचे पाळक वर्नन यांनी त्याला बाजूला घेतलं. समुद्राबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांनी विचारलं ते भलतंच. माणूस माकडापासून झाला हे तू मानतोस का? रॉयसला थाप मारणं जमलं नाही. घडवलं देवानेच, पण सावकाश, त्याच वाटेने घडवलं असावं, असं तो म्हणाला. पाळकांनी मान हलवली. दुखणं नेमकं कुठे आहे ते वैद्याला सापडावं तशी.

पुढच्याच आठवड्यात मुलांचा बायबलचा वर्ग त्याच्याकडून काढून घेतला गेला. ज्याला आपला पूर्वज कळला नाही त्याला उद्याचं आभाळ काय कळणार, असं गावात जो तो बोलू लागला. आई तेवढी काही बोलली नाही. रोज फोन करायची, पण हवापाण्याचा विषय सोडून.

नकाशा सहकारी डेनाच्या हवाली करून रॉयस कोपऱ्यात गेला आणि त्याने पाळकांना फोन लावला. पहिल्यांदा नुसताच वाजत राहिला. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा मागे पियानो आणि गाणं चालू होतं.

"पाळकसाहेब, सगळ्यांना खाली न्या. आत्ताच्या आत्ता."

"अरे, इथे नुसता पाऊस पडतोय. म्हातारी माणसं आहेत, जिना हा असा उभा. एखादीचा खुबा मोडायचा." पाळक जरा थांबले. "तुझी खात्री मला माहीत आहे, रॉयस. समुद्राचंही तू असंच खात्रीने सांगत होतास."

रॉयसने मागे वळून बघितलं. नकाशावरचा आकडा नदी ओलांडून गावाच्या बाजूला आला होता. समजावत बसायला सवड नव्हती, आणि समजावून कोणी समजणारही नव्हतं.

"ते माझं चुकलं," तो म्हणाला. "समुद्राचंही चुकलं, माकडाचंही चुकलं. मला पश्चात्ताप झालाय. आता हे देवानेच मला दाखवलंय असं समजा, पण खाली जा."

मग फोनपासून लांब गेलेला पाळकांचा आवाज आला, "उठा सगळे." पियानो मध्येच तुटला आणि पाठोपाठ फोनही.

रॉयस पुन्हा नकाशापुढे उभा राहिला. पुढच्या गावांची नावं घेत राहिला. आकडा सीडर फोर्डवरून गेला आणि रडारवर त्या आकड्याच्या वळणात एक निळा गोळा उमटला. वादळाने जमिनीवरचं काही उचललं की तसा गोळा दिसतो. पत्रे, झाडं, घरांची लाकडं. त्याने तेही लोकांना सांगितलं. फोनवरचं त्याचं बोलणं ऐकलेली डेना त्याच्याकडे बघत होती. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. खिशातला फोन गप्प होता.

अखेर फोन थरथरला. तो कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाला.

पाळक रडत होते. छप्पर गेलं होतं, बाकांचा पत्ता नव्हता, एका म्हाताऱ्याचा हात मोडला होता. पण माणसं सगळीच्या सगळी जिवंत होती. खालच्या अंधारात आपण सगळ्यांना सांगितलं की रॉयस देवाकडे परत आला, आणि ते ऐकून माणसं ढसाढसा रडली, हेही त्यांनी सांगितलं.

"रविवारी उघड्यावर उपासना करू. तू ये, आणि मला म्हणालास ते सगळ्यांसमोर उभा राहून म्हण. तू म्हणालास तर ऐकतील रे लोक."

रॉयसने आईला फोन द्या म्हटलं.

आई आधी बराच वेळ खोकली. छातीत धूळ गेली होती, बाकी ती धड होती. त्याने दोनदा विचारलं, तिने दोन्ही वेळा ठीक आहे म्हणून सांगितलं. मग ती चालत लांब गेली असावी, कारण मागचे आवाज मंद झाले.

"माझ्यासाठी बोललास ना ते?"

रॉयसने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली.

"बरं केलंस," ती हळूच म्हणाली. "पण रविवारी तेच म्हणायला येऊ नकोस, बाळा."