भिंतीवरची काच

"च्यात आज पुन्हा चुना," गोदूबाई शारदेच्या कानाशी पुटपुटल्या. "इमारत दुरुस्त करून राहिले, का आपल्या पोटाला प्लास्टर?"

"गाळून घ्या," शारदा म्हणाली, आणि आपला कप न गाळताच प्यायली.

रायपूरमधल्या महाविद्यालयाच्या त्या जुन्या इमारतीची डागडुजी सुरू होऊन उन्हाळा गेला, पावसाळाही सरला. वर्ग बंद ठेवायचे नाहीत असं ठरलं होतं. त्यामुळे एका बाजूला परांच्या, दुसऱ्या बाजूला तास. इतिहासाचा वर्ग आज कुठे आहे, हे इतिहास शिकवणाऱ्यांनाच शिपायाला विचारावं लागे.

फक्त वाचनालय जागचं हललं नव्हतं. शारदा तिथली ग्रंथपाल, आणि गोदूबाई तिथल्या शिपाई, झाडू आणि चहासकट.

वाचनालयाच्या उत्तरेकडच्या भिंतीला खिडकीपासून छतापर्यंत तडा होता. इंजिनिअर अनिमेषनं त्यावर आडवी एक काचेची पट्टी बसवली होती, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे लावून. घरी मराठी, बाहेर हिंदी, असा तो रायपूरचाच मुलगा.

"यह काँच बोलेगी, मॅडम," त्यानं सांगितलं होतं. "भिंत सरकली तर काच तडकणार. तडकली, की उसी दिन ताला. मग सगळं सामान नया रायपूर."

नया रायपूर म्हणजे रुंद रस्ते, नवी कोरी इमारत आणि लांबची बस. वाचनालयात बसणाऱ्या बहुतेक मुली जवळच्या गुढियारी वस्तीतल्या, पायी येणाऱ्या. घरच्यांनी परवानगी दिली होती ती पायांना, बसला नव्हे. त्यांतल्या गंधालीचे वडील पाऱ्यातच, म्हणजे त्याच मोहल्ल्यात, फोटो मढवायचं दुकान चालवत. ते एकदा येऊन सांगून गेले होते, "हे आहे तोवर येऊ द्या पोट्टीले. बंद झालं, तर शिकली तितकं पुरे."

गंधालीचं शेवटचं वर्ष होतं. उजेड चांगला म्हणून ती नेमकी त्या भिंतीखालीच बसायची.

दर सोमवारी अनिमेष येई, काचेवर टॉर्च मारी, बोट फिरवी आणि म्हणे, "साबुत है." त्या वेळी प्राचार्य नीलकंठ सरही खिशात हात घालून हजर असत.

"माझ्या शब्दावर उघडं आहे हे," ते म्हणत. "काच शाबूत आहे तोवर कोणी बोट दाखवू शकत नाही."

मागच्या सोमवारी मात्र अनिमेष बराच वेळ खाली वाकून पाहत राहिला. "फरशी उचलली गेलीय. आणि काच एकदम नवी. अजीब है."

"चांगली असेल काच," शारदा म्हणाली.

"चांगली काच तर आधी फुटते, मॅडम."

 गोदूबाईंनी कप गोळा केले. त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"विळी लागली का?" शारदेनं विचारलं.

"हव. अन् तुमच्या बोटाले?"

"कारलं चिरताना." मग तिची नजर सरांच्या तळहातावरच्या चिकटपट्टीकडे गेली. "सर, तुम्हीही?"

"गुलाबाचा काटा," सर म्हणाले, आणि हात पुन्हा खिशात गेला.

"इमारतीहून आपलीच डागडुजी जास्त होऊन राहिली," गोदूबाई म्हणाल्या.

गंधाली पुस्तकातून मान वर काढून हसली. "मॅडम, बाबा पूछ रहे थे, आपके घर भगवान के फोटो इतने क्यों टूटते हैं?"

"मांजर आहे."

"गोदूबाई के घर भी?"

"अभ्यास कर," शारदा म्हणाली.

या सोमवारी दुपारी पायाजवळ खणणारं यंत्र जेवणासाठी थांबलं. एकाएकी इतकी शांतता झाली, की पानं उलटल्याचा आवाज येऊ लागला. सर दारापाशी उभे होते. गोदूबाई चहाचा ट्रे घेऊन टेबलाशी. शारदा आपल्या खुर्चीत. गंधालीही आज पंख्याखाली बसली होती, भिंतीपासून दूर.

टिक्.

"बांगडी वाढली वाटते कोणाची," गोदूबाई लगेच म्हणाल्या.

मुलींनी आपापली मनगटं पाहिली. सगळ्या बांगड्या शाबूत होत्या. भिंतीवरची काच नव्हती.

मग शारदेनं ड्रॉवर उघडून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. त्याच वेळी सरांचा हात खिशातून बाहेर आला, आणि गोदूबाईंचा कनवटीतून. तीन हातांत तीन काचेच्या पट्ट्या. एकाच रुंदीच्या, एकाच दुकानात कापलेल्या.



"मले वाटलं, माझ्याच झाडूच्या दांड्यानं फुटते," गोदूबाई हळूच म्हणाल्या.

"मी खुर्ची मागे सरकवायचो ना," सर म्हणाले. "दर वेळी वाटलं, आपल्याच धक्क्यानं."

शारदेनं खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं. रोज सकाळी तोच ओढायची ती. तिला वाटायचं, त्याच ओढीनं काच तडकते.

जिन्यावर अनिमेषच्या बुटांचा आवाज आला.

"दार लावा," सर म्हणाले. "शारदाबाई, पटकन. प्लास्टर आहे ना?"

शारदा पट्टी घेऊन उठली. गंधाली तिच्या आधी उठली होती. तिनं आपली कंपासपेटी उघडली, आतून तशीच एक पट्टी काढली आणि त्या तिघांच्या समोर टेबलावर ठेवली. वाचनालयात कधी मराठीत न बोललेली ती पोरगी, भिंतीखाली बसलेल्या दुसऱ्या मुलींकडे बघत म्हणाली,

"आज कोणीच हात नाही लावला, मॅडम. भिंतच खचून राहिली."