यंदाची भाकणूक

ढोल घुमत होते, भंडाऱ्यानं सगळा माळ पिवळा झाला होता, पण बिराप्पाच्या अंगात वारं काही येत नव्हतं.

तलवार उचलून तो बिरोबाच्या देवळापुढं पुन्हा गोल फिरला. दरसाल चैत्रात या वेळेपर्यंत त्याचं भान गेलेलं असायचं आणि त्याच्या तोंडून देव बोलत असायचा. पाऊस कुठल्या अंगाला पडेल, ज्वारीला काय भाव येईल, मेंढरांवर कुठला रोग येईल आणि राजाच्या गादीचं काय होईल, हे सगळं सांगायचा. हीच भाकणूक. जतच्या या कोपऱ्यात वाडीवाडीची माणसं ती ऐकायला उन्हातान्हात येतात. पाऊस चुकला तर देवाला कुणी जाब विचारत नाही. गादीचं काय म्हणाला ते मात्र पारावर वर्षभर पुरतं.

यंदा तर सगळ्यांना गादीचंच पडलं होतं. सकाळीच कुठल्याशा वाहिनीची प्रांजल नावाची मुलगी माईक घेऊन आली होती. दिल्लीच्या साहेबांचा कारभार कसा वाटतो, एवढंच तिला विचारायचं होतं. मग काय, ज्याला घरात कुणी विचारत नाही त्यालाही वाचा फुटली. सुट्टीवर आलेला फौजी म्हणाला, जगात देशाची मान ताठ झाली. लोकरीचा व्यापारी म्हणाला, मान ताठ झाली खरी, पण पोट पाठीला लागलं त्याचं काय. एवढ्यावरून दोघांची जुंपली आणि मागच्यांनी आपापली बाजू निवडून घेतली.

प्रांजलनं बिराप्पालाही विचारलं. त्याच्याजवळ मत होतं. रस्ता झाला, हे खरं. घरात गॅस आला, हेही खरं. दारात नळ आला आणि नळात पाणी यायचं तेवढं राहिलं, हे तर त्याच्याहून खरं. असं सरळ, निम्मं गोड निम्मं कडू त्याला सांगायचं होतं. पण तो तोंड उघडणार तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या पुढारी लालासाहेबांनी माईक आपल्याकडं ओढला.

"आमच्या बिराप्पाला मत नसतंय, ताई. काय बोलायचं ते देव दुपारच्याला बोलंल."

वाडीला टँकर लालासाहेबांच्या शब्दावर यायचा. बिराप्पाच्या पाठीवर हात ठेवून ते त्याला देवळामागं घेऊन गेले. धमकी वगैरे काही नाही, गोडच बोलले. कॅमेरा आलाय, हे पार वरपर्यंत जाईल, गादी मजबूत आहे असं देवाच्या तोंडी आलं तर वाडीचं नाव होईल, म्हणाले. मग सहज आठवल्यासारखं करून त्यांनी सांगितलं, टँकरचा ड्रायव्हर विचारत होता, उद्या तुमच्या वाडीकडं वळायचं का सरळ पुढं जायचं.

विहिरीचा तळ उघडा पडला होता. गाभण मेंढ्या कालपासून माना टाकून बसल्या होत्या. देव येईल, त्याला जे बोलायचं ते बोलेल, आपण कोण सांगणारे, अशी बिराप्पानं मनाची समजूत घातली.

आणि आता ऐन वेळी देवानंच पाठ फिरवली होती. ढोलवाले घामाघूम झाले. गर्दीत चुळबूळ सुरू झाली. समोर लालासाहेब हात जोडून, अगदी भक्तिभावानं उभे होते. बिराप्पानं मनातल्या मनात बिरोबाच्या विनवण्या केल्या, ये बाबा, तुझं तू बोल, मला यातनं सोडव. कुणी आलं नाही.

शेवटी त्यानं डोळे मिटले आणि दरसाल थरथरतो तसा थरथरला. पावसाचं बोलला, ज्वारीचं बोलला, मेंढरांचं बोलला. मग म्हणाला, "गादी हालायची न्हाई. दिल्लीची गादी मजबूत हाय."

आपलाच आवाज आपल्या कानांनी ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भंडारा उधळला गेला. फौजी नाचायला लागला. सकाळी तावातावानं भांडणारा लोकरीचा व्यापारी पुढं आला, बिराप्पाच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, देवच म्हणतोय म्हटल्यावर आमचं काय. बिराप्पाला पाय मागं घ्यायचे होते, पण अंगात आलेल्या माणसाला ते करता येत नाही.

उन्हं कलली तशी जत्रा पांगली. बिराप्पा आणि त्याची बायको साळूबाई वाडीच्या वाटेला लागली. या वाटेवर दोघांचं दरसालचं एक ठरलेलं होतं. वारं उतरलं की बिराप्पाला आपण बोललेला एक शब्द आठवत नसे. ओढा ओलांडला की तो थकलेल्या आवाजात विचारायचा, काय बोललो गं मी? आणि साळूबाई पहिल्यापासून सगळं सांगायची. लग्न झाल्यापासून देवाचं बोलणं नवऱ्याला तीच सांगत आली होती. तेवढ्या वेळापुरता तो तिच्याकडं लहान लेकरासारखा बघायचा, आणि तिला ते आवडायचं.

ओढा आला. कोरडा ठणठणीत होता. दोघांनी तो ओलांडला. साळूबाईनं चाल जरा मंद केली. बिराप्पा खाली मान घालून चालतच राहिला. बाभळी मागं पडल्या, म्हसोबाचा दगड मागं पडला, वाडीतली कुत्री ऐकू यायला लागली, तरी त्यानं काही विचारलं नाही.

दारातल्या कोरड्या नळाशी रिकाम्या घागरी आडव्या पडल्या होत्या. साळूबाईनं त्या एकेक करून उभ्या केल्या.

"आवं," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "टँकर सकाळी येतोय का दुपारी?"

"सकाळी," बिराप्पा म्हणाला.