शीर्षकगीत

केंटकीतल्या स्टुडिओत ऑड्राच्या अल्बमचं शीर्षकगीत काही केल्या पुरं होईना. तिसऱ्या कडव्याशी ती थांबायची, गिटारच्या खुंट्या पिळायची, येरझाऱ्या घालायची. स्टील गिटारवर तिचा घटस्फोटित नवरा वेंडेल होता आणि गाणं त्याच्यावरच होतं: तिसऱ्या कडव्यात, त्यांच्या बाळाला पुरताना बाप ट्रकमध्ये पीत बसला होता. “गा की, घाबरतेस कशाला?” तो म्हणाला. “फक्त ते कडवं खोटं आहे.” “खोटं? बर्बनची बाटली पाहिली मी तुझ्या हातात!” “उघडलीच नव्हती. ती इवलीशी शवपेटी मीच बनवली होती, ऑड्रा. तिच्यावर माती पडताना बघवेना.” ती त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. मग हेडफोन काढून ती निर्मात्याला म्हणाली, “पुसून टाक हे गाणं.” “वेड लागलंय? कडवं बदल फक्त!” निर्माता काचेपलीकडून ओरडला. “सगळं गाणंच त्या कडव्यासाठी लिहिलंय.” अल्बम त्याच नावाने निघाला, शीर्षकगीत मात्र त्यात नव्हतं.